काहीही न करण्याचा हक्क

प्रेमानंद रंगारी यांनी कोराडीच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली एकतीस वर्षं आभार मानले. कॉलनीत कार्यक्रम कोणताही असो, बुद्ध जयंती, कोणाचा निरोप समारंभ, रक्तदान शिबिर, शेवटी माइक त्यांच्याकडे यायचा. सूत्रसंचालक बदलले, मुख्य अभियंते बदलले, आभार मात्र प्रेमानंदच मानायचे. मंडपवाला, माइकवाला, पाण्याचे कॅन आणणारा असं करत करत ते "ज्यांची नावं अनवधानाने राहून गेली असतील ते सर्व" इथपर्यंत पोचायचे, तेव्हा समोर फक्त सतरंज्या गुंडाळणारे उरलेले असायचे. मग ते त्यांचेही आभार मानायचे.

त्यामुळे त्यांची मुलगी पायल हिने मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवला, तेव्हा हा खेळायचा कसा असं त्यांनी विचारलं नाही.

"आभार कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"बाबा, गेममध्ये आभार नसतात. क्रेडिट्स असतात. नावांची यादी."

"नुसती नावं? कोनी काय देलं, ते नाही?"

"नाही."

"मंग ती हजेरी झाली वं. आभार कुठं झाले?"

आणि त्यांनी फुलस्केपची दोन पानं लिहून दिली. पायलने ती जशीच्या तशी गेमच्या शेवटच्या स्क्रीनवर टाकली. तिथपर्यंत कोणी जात नाही, अशी तिची व्यवसायातली माहिती होती. माहिती बरोबरच होती. फक्त वकील नावाचा वाचक तिने लक्षात घेतला नव्हता.

गेमचं नाव 'बहार'. पायल अठ्ठावीस वर्षांची. नागपूरच्या मिहानमधली, आयटी कंपनीतली चार वर्षांची नोकरी सोडून, स्वतःला एक वर्षाची मुदत देऊन तिने तो एकटीने बनवला होता. खेळणाऱ्याला संत्र्याची बाग मिळते. आता संत्र्याच्या झाडाचा स्वभाव असा की त्याला सुखात ठेवलं तर ते पानं फुलवत बसतं, फळाचं नाव काढत नाही. म्हणून बागायतदार हिवाळ्यात काही आठवडे त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड घाबरतं, आणि मग पाणी दिलं की अंगभर पांढरी फुलं काढतं. गेममध्ये खेळणाऱ्याने एवढंच करायचं: स्क्रीनला हात लावायचा नाही. लवकर लावला तर झाडाला पाणी जातं, फूल येत नाही. उशिरा लावला तर झाड वाळतं. झाडाभोवती एक निळी रिंग हळूहळू भरत जाते, भरली की तीनदा लुकलुकते; तेव्हा बोट टेकवायचं.

अकराशे लोकांनी तो उतरवून घेतला. नातेवाईक आणि कॉलनी वगळता आठशे माणसं सपशेल अनोळखी होती. त्यांत दोन ब्राझीलची. त्या दोघांची नावं मिळतील का, असं प्रेमानंद दोनदा विचारून गेले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बंगलोरच्या टेंटारो गेम्स या कंपनीची नोटीस ईमेलने आली. टेंटारोचा 'मूनपॉट' नावाचा गेम आहे. त्यात अंगणात मडकं ठेवायचं आणि ते चांदण्याने भरेपर्यंत हात लावायचा नाही. नोटिशीत तीन मुद्दे होते. पहिला, स्पर्श न करता वाट पाहणे हा खेळाचा नियम ही कंपनीची निर्मिती आहे. म्हणजे काहीही न करण्याचा हक्क बंगलोरच्या एका कंपनीकडे होता आणि एवढ्या मोठ्या देशात ते इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसरा, 'बहार'चं रूप 'मूनपॉट'शी जुळतं. तिसरा मुद्दा असा की, समोरच्या पक्षाने हे सगळं स्वतःच कबूल केलेलं आहे.

तिसऱ्या मुद्द्याखाली प्रेमानंदांचा परिच्छेद होता. मूळ मराठीत, शेजारी शपथेवर केलेलं इंग्रजी भाषांतर.

'या खेळाची मूळ कल्पना ज्यांच्याकडून आम्ही मुक्तहस्ताने घेतली, त्या मूनपॉटच्या निर्मात्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. आम्ही त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करू.'

कंपनीच्या वकिलांनी पुढे लिहिलं होतं की, प्रतिपक्षाने घेतल्याचं मान्य केलं असून परतफेड न करण्याचा इरादाही लेखी जाहीर केला आहे.

मागणी सोपी होती. दहा दिवसांत गेम स्टोअरवरून काढायचा आणि यापुढे असा नियम असलेला कोणताही गेम आयुष्यात बनवणार नाही, या हमीपत्रावर सही करायची. नाहीतर कंपनी स्टोअरकडे तक्रार करणार. स्टोअरची पद्धत पायलला ठाऊक होती: आधी काढतात, मग चौकशी करतात, आणि चौकशी होईपर्यंत माणूस दुसरी नोकरी शोधतो.

तिने नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. कौसल्याबाई, म्हणजे तिची आई, मेथी निवडत होत्या.

"एकतीस वर्षं झाले," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी म्हनून राहिली का थोडक्यात आटपा. आटपलं? आता भोगा."

"अवं, पन घेतलं तर घेतलं म्हनाव नाही का? पायलनंच सांगितलं, बाबा, तो गेम पाहून मले हे सुचलं. मंग मी काय म्हनू, आभाळातून पडलं?"

"काही म्हनू नका! हेच तर म्हनून राहिली मी."

प्रेमानंद उठले, चष्मा लावला आणि फुलस्केप काढला. कंपनीला एक सविस्तर दिलगिरीपत्र लिहावं असं त्यांच्या मनात होतं. पायलने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक ॲडव्होकेट कुसुमताई ढोके यांच्याकडे गेले. जिल्हा न्यायालयाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे हे त्यांचं मुख्य काम. कॉलनीतल्या एका कायदेविषयक शिबिराला त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या, एवढीच ओळख. कुसुमताईंनी प्रेमानंदांकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच का ते? साडेचार मिनिटं माझे आभार मानले होते. माझं भाषण तीन मिनिटांचं होतं."

"आपन वेळात वेळ काढून..."

"बसा."

त्यांनी नोटीस वाचली, मग पुन्हा वाचली. मग पायलकडे वळल्या.

"हे बघ. खेळाचा नियम कोणाच्या मालकीचा नसतो. कॉपीराइट कल्पनेवर मिळत नाही, ती मांडली कशी, त्यावर मिळतो. आणि खेळ खेळायच्या पद्धतीवर पेटंट देता येत नाही, हे आपल्या कायद्यात सरळ लिहिलंय. बाहेर मात्र, अमेरिकेत, जपानात, असल्या गोष्टींचे पेटंट घेऊन बसलेले लोक असतात. तुझा गेम बाहेर जातो का?"

"ब्राझीलमध्ये दोन आहेत," प्रेमानंद म्हणाले.

"नोटिशीत पेटंटचा नंबर कुठं दिसला तुला?"

"नाही," पायल म्हणाली.

"तरी शोधून पाहू. पण ज्याच्याजवळ असतो तो पहिल्या ओळीत टाकतो, तिसऱ्या मुद्द्यासाठी तुझ्या बाबांवर अवलंबून राहत नाही." त्यांनी पाणी प्यायलं. "मागे माझ्याकडे एक सावजी मसाल्याची केस होती. दोघं साळेमेहुणे. एकाचा मसाला चालला म्हणून दुसऱ्याने काढला. पहिला म्हणे, चव माझी चोरली. मी म्हटलं, बापा, चव कोणाचीच नसते, लवंग-दगडफूल काय तू जन्माला घातलं? पण मग दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. तोच लाल रंग, तोच मिशीवाला माणूस, मिशीचा पीळसुद्धा तोच. तिथं आमचा अशील हरला."

"तुम्ही दुसऱ्याच्या वकील होत्या?"

"तेच तर सांगून राहिली. म्हणून आता खरं सांग. चव सोड. पाकीट कोणाचं आहे?"

पायलने जिन्याकडे पाहिलं. खाली झेरॉक्स मशीन चालू होतं, त्याचा उजेड जिन्यापर्यंत येऊन जात होता.

"रिंग," ती म्हणाली. "निळी रिंग त्यांची आहे. त्यांच्या मडक्याभोवती असते. मी त्यांची स्क्रीन बाजूला ठेवून काढली. रंग तोच. जाडी तीच. तीनदा लुकलुकणं पण तेच. मला वाटलं, एवढंसं तर आहे."

प्रेमानंद खुर्चीत सरळ झाले. "हे तू मले सांगितलं नाही."

"बाबा..."

"तिचे येगळे आभार मानले असते ना मी!"

"बरं झालं नाही सांगितलं," कुसुमताई म्हणाल्या. "बाकी? झाड कोणाचं, आवाज कोणाचे, सगळं कुठून आलं, हे दाखवता येईल?"

पायलने काही सांगायच्या आत प्रेमानंदांनी पिशवीतून ती दोन पानं काढली. कुसुमताईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पृथ्वीतलावर असं करणाऱ्या त्या पहिल्याच, कारण कंपनीच्या वकिलांनीही एका परिच्छेदावर भागवलं होतं.

पाण्याच्या मोटरचा आवाज: श्री. रुपराव, तालुका नरखेड, यांच्या विहिरीवरील पाच एचपी मोटर, ध्वनिमुद्रण दिनांक चौदा मार्च, सकाळी. वीज असताना मोटर सुरू करून दिल्याबद्दल आभार. झाडाचे चित्र: त्याच बागेतील तिसऱ्या ओळीतील झाड समोर ठेवून पायलने तीन बैठकांत काढले, सावलीसाठी छत्री धरणाऱ्या वैभवीचे आभार. पाखराचा आवाज: सौ. कौसल्या यांनी तोंडाने काढला. असे त्रेचाळीस नग. प्रत्येकाला नाव, गाव, तारीख.

कुसुमताईंनी चष्मा काढला.

"रंगारी, तुम्हाला माहीत आहे, हे काय आहे? लोक गेम बनवतात, नंतर कोर्टात विचारलं की हे कुठून आणलं, तर तोंडाकडे पाहतात. तुम्ही तर पंचनामा करून ठेवलाय. त्यांनी एक परिच्छेद जोडला ना? आपण दोन्ही पानं जोडू. त्रेचाळीस गोष्टी कुठून आल्या ते लिहिलंय आणि एक नियम कुठून आला तेही लिहिलंय. लपवणारा माणूस असं लिहीत नाही." मग त्या पायलकडे वळल्या. "पण ती रिंग गेली पाहिजे. उत्तर पाठवायच्या आत. ती असली तर हे सगळं फुकट. आणि ते ऋणाचं वाक्य काढा. त्या जागी लिहा: वाट पाहण्याचा हा नियम आम्ही प्रथम मूनपॉट या खेळात पाहिला. पूर्णविराम."

"यात भावना नाही आली," प्रेमानंद म्हणाले.

"भावनेला कोर्टात पुराव्याचा क्रमांक पडतो, रंगारी. पूर्णविराम द्या."

घरी येऊन पायलने रिंग काढली. एवढंसं काम, दहा मिनिटांचं. मग तिने फोन आईच्या हातात दिला. कौसल्याबाईंनी तासाभरात सात झाडं मारली आणि चार झाडांना फुलाविना ठेवलं.

"दिसून तर काहीच नाही राहिलं. हात लावू कधी?"

हाच प्रश्न होता. रिंग नसेल तर गेम म्हणजे एक झाड आणि त्याच्याकडे बघणारा माणूस. पायलने रिंगऐवजी चौकोन करून पाहिला, मग भरणारी बादली. दोन्ही वेळा ती रिंगच दिसायची, दुसरे कपडे घालून आलेली. पाचव्या दिवशी तिने हमीपत्र प्रिंट करून आणलं आणि टेबलावर ठेवलं. एक सही, आणि मिहानमध्ये तिच्या जुन्या खुर्चीवर अजून कोणी बसलेलं नव्हतं, हेही तिने चौकशी करून ठेवलं होतं.

प्रेमानंदांनी हमीपत्र वाचलं. एरवी त्यांना कोणत्याही कागदावर काहीतरी म्हणायचं असतं.

"आयुष्यात कधीच नाही, असं लिहिलं हाय यात," ते एवढंच म्हणाले. "तुहं वय अठ्ठावीस."

पायलने सही केली नाही. केली नाही याचं कारण तिला नीट सांगता आलं नसतं. तिने दुसऱ्या दिवशी नरखेडची एसटी पकडली.

रुपराव हे वैभवीचे वडील, आणि वैभवी पायलची कॉलेजातली मैत्रीण. वैभवी लग्न करून यवतमाळला गेली, पण पायलचं त्या बागेत जाणं सुटलं नव्हतं. रुपराव बागेच्या कडेला बाजेवर बसले होते. समोर सहाशे झाडं मलूल उभी होती.

"काय करून राहिले काका?"

"ताण देऊन राहिलो."

"म्हणजे बसून."

"हसू नोको. हे सगळ्यात जड काम हाय पोरी. विहिरीत पानी हाय, लाइन हाय, मोटर हाय, अन् चालू नाही करायची. येनारा-जानारा गाडी थांबवून सांगते, रुपराव, झाडं मरून राहिले ना गा. मी म्हनतो, मरू दे. मनात म्हनतो, नोको मरू."

पायलने नोटिशीची गोष्ट सांगितली. रुपरावांनी ती नीट ऐकून घेतली.

"म्हंजे काही न करन्याचा हक्क त्याईचा?"

"असं ते म्हणतात."

"मंग मी इथं बसलो तर मलेही नोटीस येईन का? माह्या बापालेही द्या म्हना. तो तर माह्यापेक्षा जास्त बसे."

पायल हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग तिने विचारलं, "काका, तुम्हाला कसं समजतं? आता पाणी सोडायचं, हे?"

"पाहून."

"काय पाहून? माझ्या गेममध्ये रिंग होती, ती भरायची."

"झाडाले काय निळी रिंग असते?" ते बाजेवरून उठले, जवळच्या झाडाची फांदी खाली ओढली. "हे पान पाय. दुपार हाय, म्हनून मुडपलं. नवा मानूस हे पायते अन् मोटर चालू करते. फसला. झाड दुपारी नाटक करते. सकाळी ये अन् पाय, हेच पान सरळ झालेलं राहते, जसं काही झालंच नाही. अजून ताण नाही बसला. ज्या दिवशी सकाळीही पान मुडपलेलंच दिसन, अन् खाली चार आने, म्हंजे पाव हिस्सा पाला पडला असन, त्या दिवशी ताण तोडायचा, पानी सोडायचं. एक दिवस इकडं नाही, एक दिवस तिकडं नाही."

पायल त्या पानाकडे बघत राहिली. गेल्या वर्षी हेच झाड तिने तीन बैठकांत काढलं होतं. पण भोवती रिंग फिरणारच होती, म्हणून पान कसं वळतं याकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. कॉपी करण्यातला हा धोका कोणत्याही नोटिशीत लिहिलेला नसतो.

ती त्या दिवशी तिथेच मुक्कामाला राहिली, सकाळी सहाला बागेत उभी राहिली आणि पानं काढत बसली. सरळ पान, किंचित वळलेलं, नळीसारखं झालेलं, दुपारचं खोटं आणि सकाळचं खरं. परत आल्यावर दोन दिवस ती संगणकासमोरून उठली नाही. नव्या 'बहार'मध्ये रिंग नव्हती, चौकोन नव्हता, बादली नव्हती. दिवस उजाडत होता, मावळत होता, आणि पान बघायचं होतं. दुपारी बघणारा फसत होता.

कौसल्याबाईंनी पुन्हा तीन झाडं मारली. चौथ्याला फुलं आली तेव्हा त्या एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या यमुताई, काही वाईट झालं असेल या आशेने, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"फुलं आले!" कौसल्याबाईंनी त्यांना फोन दाखवला. "पान पायलं मी. सकाळचं."

नवव्या दिवशी नवा गेम स्टोअरवर गेला, आणि त्याच दिवशी कुसुमताईंचं उत्तर गेलं. पेटंट कुठेच सापडलं नव्हतं, तेही उत्तरात होतं. सोबत प्रेमानंदांची दोन पानं, दुरुस्तीसह. दुरुस्तीत भर पडली होती. चव्वेचाळिसावा नग: पानांची वळणे, श्री. रुपराव यांच्या बागेतील, दोन दिवसांच्या निरीक्षणातून. दोन्ही कागदांच्याही इंग्रजी भाषांतरावर शिक्का मारून घेतला होता. कंपनीला आता सगळं वाचणं भाग होतं.

त्यानंतर करण्यासारखं कोणाकडेच काही नव्हतं. प्रेमानंदांनी रोज सकाळी 'काही आलं का' विचारायचं आणि पायलने 'नाही' म्हणायचं, असे बारा दिवस गेले. गेम स्टोअरवर होता की नाही, हे ती दिवसातून चाळीसदा बघायची. होता.

तेराव्या दिवशी कंपनीकडून दोन ओळी आल्या. केलेले बदल पाहता कंपनी हे प्रकरण सध्या पुढे नेऊ इच्छित नाही. कंपनीचे सर्व हक्क राखीव आहेत.

"सध्या म्हंजे किती दिवस?" प्रेमानंदांनी फोनवर कुसुमताईंना विचारलं.

"सध्या म्हणजे संपलं. त्यांना ते तसं लिहिता येत नाही, एवढंच. पोरीला कामाला लागू द्या."

हमीपत्राच्या कोऱ्या बाजूवर कौसल्याबाईंनी किराण्याची यादी केली. त्या आठवड्यात गेम चौदाशेवर गेला. ब्राझीलचे सहा झाले. तिथेही संत्री पिकतात असं पायलने वाचलं होतं. त्यांतल्या एकाने लिहिलं होतं की, पानाचं बरोबर आहे, आमच्याकडेही असंच असतं, पण मला अजून एकही फूल आलेलं नाही आणि मी सोडणार नाही.

तक्रार आली ती नरखेडहून. रुपरावांनी माहेरी आलेल्या वैभवीकडून फोनवर गेम टाकून घेतला होता.

"पायल, तुहं झाड चुकीचं हाय."

"माझं? काका, तुमच्याच झाडावरून काढलंय."

"पान बरोबर हाय. पान एक नंबर. पन मी पाच बागा मारल्या! मी, रुपराव! पोरी हासून राहिल्या घरात. तू जमीन कोनती धरली?"

"जमीन?"

"हलक्या जमिनीले तीस-पस्तीस दिवस पुरते. भारी काळीले साठ लागते. तू सगळ्याइले एकाच मापानं वाळवून राहिली. माही भारी हाय, मी आपला त्या अंदाजानं बसलो, अन् तुहं झाड मेलं पस्तिसाव्या दिवशी."

पायलने कागद ओढला. हलकी, मध्यम, भारी, असं लिहिलं. वाट पाहणं प्रत्येक जमिनीत वेगळं असतं, म्हणजे गेम एकाचे तीन झाले.

"अजून हाय," रुपराव म्हणाले. "टेकडीच्या अंगाले बरड हाय, मुरूमवाली. तिथं तं पंधरा दिवसांतच पान मुडपते. अन् नदीकडची सांगतच नाही फोनवर, ते पाहाच लागते. कधी येतं?"

"उद्या," पायल म्हणाली, आणि बरडच्या पुढे पंधरा लिहून त्याखाली रेघ ओढली.